परसबागेतील फळांची वाइन

द्राक्षांखेरीज अन्य फळांचा रस आंबवून तयार केलेल्या मद्यास फळांची वाइन म्हणतात. ब्रिटनच्या थंड हवेत द्राक्षे सहजी पिकत नाहीत. त्यामुळे तेथे परसबागेतील गूजबेरी, प्लम, ब्लॅकबेरी, इतकेच नव्हे तर रूबार्बचे आंबट देठ यांपासूनही घरगुती वाइन करण्याची जुनी परंपरा आहे.

यीस्ट ही सूक्ष्म बुरशी साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल मिळते. पक्व द्राक्षांत पुरेशी साखर असते. या फळांत ती कमी आणि आंबटपणा अधिक असल्याने पाणी व साखर घालावी लागते.

चेचलेली फळे यीस्ट घालून काही दिवस झाकून ठेवतात. नंतर रस गाळून काचेच्या मोठ्या बाटलीत भरतात व तिच्या तोंडाशी पाणी असलेली वाकडी नळी बसवतात. तिच्यातून वायू बाहेर पडतो, पण हवा आत शिरत नाही. हवा लागल्यास जीवाणू वाइनचा शिरका करतात. साखर शिल्लक असताना बाटल्या घट्ट बंद केल्यास वायूच्या दाबाने त्या फुटू शकतात. म्हणून घनतामापकाने आधी खात्री करून घेतात.

ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या वाइनला परवाना लागत नाही, विक्रीस लागतो. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, मग जांभळे घरच्या झाडाची का असेनात!