गजशिक्षणाची परंपरा : माहूत, कुमकी हत्ती आणि अनुभवजन्य ज्ञानाचे हस्तांतर

प्रस्तावना

भारताच्या राजकीय इतिहासात हत्ती बहुधा संख्येच्या रूपाने येतो. अमुक राजाच्या सैन्यात इतके हत्ती होते, तहात इतके हत्ती द्यावे लागले, लुटीत इतके मिळाले, अशा नोंदी इतिहासग्रंथांतून जागोजागी आढळतात. परंतु या संख्येतील प्रत्येक हत्ती हा शिकलेला हत्ती होता आणि त्याच्या मानेवर बसलेला माणूसही कोणाकडून तरी शिकलेला होता, ही गोष्ट सहसा विचारात घेतली जात नाही. हत्ती घोड्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या पागेत पैदा केलेला प्राणी नव्हे. तो बहुतांशी रानात जन्मतो, रानात वाढतो आणि मग पकडला जातो. त्यामुळे प्रत्येक हत्तीच्या बाबतीत शिक्षणाचा प्रारंभ नव्याने करावा लागतो. हे शिक्षण कोण देत असे, कोणत्या रीतीने देत असे आणि ग्रंथांनी त्यातील किती भाग टिपला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रग्रंथांतील गजशिक्षण

कौटिलीय अर्थशास्त्राच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र हत्तींच्या व्यवस्थेची इतकी तपशीलवार माहिती देणारा याहून जुना ग्रंथ उपलब्ध नाही. प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात नागवनाचे, म्हणजे राखीव हत्तीवनाचे वर्णन येते. तेथील माहूत, पायांत फास टाकणारे आणि वनचर अंगाला हत्तीचे मूत्र व शेण फासून आपला मानवी गंध लपवतात, फांद्यांच्या आडोशाने पाच किंवा सात पाळीव हत्तिणी बरोबर घेऊन फिरतात आणि झोपेच्या जागा, पाऊलखुणा, लीद, नदीकाठची पडझड यांवरून कळपाचा माग काढतात. हे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. येथे अधिकारी नेमावा कसा हे कौटिल्य सांगतो, परंतु पाऊलखूण ताजी की शिळी हे ओळखावे कसे, हे सांगत नाही. ते सांगण्याची त्याला गरजही वाटली नसावी. ते ज्ञान वनचरापाशी होते आणि वनचराने ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या मागे चालून मिळवलेले होते.

कोणता हत्ती पकडावा याविषयीचे नियम अधिक बोलके आहेत. वीस वर्षांचा हत्ती पकडण्यास योग्य मानला आहे. पिल्लू, रोगी, गाभण आणि दूध पाजणारी हत्तीण यांना पकडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मेगॅस्थनीसच्या आधारे लिहिणाऱ्या एरियनच्या वृत्तांतातही पकडलेल्यांपैकी फार लहान किंवा अशक्त हत्ती पुन्हा सोडून दिले जात, असा उल्लेख आहे. यामागील मुख्य कारण आर्थिक असावे. थॉमस ट्राउटमन यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, लहान हत्तीला कामाला येईपर्यंत वीस वर्षे पोसण्यापेक्षा ते काम रानावर सोपवून मोठा झालेला हत्ती पकडणे राजाला परवडत असे. मात्र या नियमाचा आणखी एक परिणाम होता. पकडला जाणारा हत्ती आपल्या कळपाकडून सारे काही शिकून आलेला असे. काय खावे, पाणी कोठे शोधावे, मोठ्या नरापुढे कसे वागावे, हे त्याला ठाऊक असे. माणसाला त्या पायावर पुढचे बांधकाम करावयाचे होते.

हे पुढचे बांधकाम कसे होई? शिक्षणाच्या दृष्टीने कौटिल्याने हत्तीचे चार वर्ग केले आहेत : दम्य, सान्नाह्य, औपवाह्य आणि व्याल. म्हणजे वठणीवर आणावयाचा, युद्धाचा, स्वारीचा आणि दुष्ट. दम्य हत्तीचे पुन्हा पाच प्रकार असून त्यांत खांद्यावर माणूस बसू देणारा, खांबाला बांधून राहणारा आणि कळपात राहणारा यांचा समावेश होतो. यातील शेवटचा प्रकार पाळीव हत्तींच्या कळपाला सरावलेला असा घेतल्यास, नव्या हत्तीने जुन्या हत्तींच्या संगतीत राहणे ही शिक्षणाची एक मान्य पायरी होती असे म्हणता येते. अशा हत्तीची निगा पिल्लाप्रमाणे ठेवावी, असेही तेथे सुचविले आहे. वीस वर्षांच्या, दोन-अडीच हजार किलो वजनाच्या प्राण्याला पुन्हा बाळ समजून आरंभ करण्याची ही कल्पना साधी असली तरी मार्मिक आहे.

प्रदेशपरत्वे हत्तींची प्रतवारी लावताना कलिंग, अंग आणि पूर्वेकडील हत्ती उत्तम, तर दशार्ण व अपरान्त येथील मध्यम ठरविले आहेत. अपरान्त म्हणजे कोकणपट्टी. परंतु ही प्रतवारी सांगून होताच, शिक्षणाने व सरावाने सर्वच हत्तींचे बळ, वेग आणि तेज वाढते, अशी पुस्ती जोडलेली आहे. जन्माने मिळालेला दर्जा अंतिम नव्हे, असा याचा अर्थ होतो. हाच न्याय माहुताला मात्र पुढील काळात लावला गेला नाही. त्याचा विचार पुढे येईल.

पालकाप्य मुनीच्या नावावर असलेला 'हस्त्यायुर्वेद' हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये प्रकाशित केला. अंगदेशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य यांचा संवाद असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील कथेनुसार पालकाप्य हत्तिणीच्या पोटी जन्मला आणि हत्तींच्या कळपाबरोबर रानात वाढला. राजाने तो कळप पकडून चंपानगरीस आणला, तेव्हा आपल्या हत्तींच्या शोधात तो तेथे पोहोचला आणि त्यांच्या जखमांवर औषधोपचार करू लागला. कथा अद्भुत आहे, हे उघडच आहे. परंतु गजशास्त्राच्या आद्य आचार्याला परंपरेने कोणत्याही गुरुकुलात बसविले नाही, कळपात ठेवले, ही गोष्ट अभ्यासकाने दुर्लक्षू नये. 'मातंगलीला' या केरळीय ग्रंथात हत्तीच्या पहिल्या दहा वर्षांपैकी प्रत्येक वर्षाला स्वतंत्र नाव आहे. वाढत्या वयाचे इतके बारीक निरीक्षण केवळ राजदरबारात बसून होणे शक्य नाही.

मोगलकालीन पीलखाना

आईन-इ-अकबरीत अबुल फज्लने पीलखान्याची व्यवस्था सविस्तर दिली आहे. हत्तींचे मस्त, शेरगीर, सादा, मंझोला, करहा, फंदुरकिया आणि मोकल असे सात वर्ग होते आणि वर्गानुसार चाकर नेमले जात. त्यांपैकी माहूत मानेवर बसे. भोई हत्तीच्या पाठीमागच्या भागावर बसून युद्धात आणि वेग वाढविण्यात साहाय्य करी. (मराठीतील पालखीचा भोई आणि हा भोई यांची गल्लत करू नये.) याच ठिकाणी अबुल फज्ल जाता जाता लिहितो की, भोई पुष्कळदा माहुताचे कामही करतो. गजशिक्षणाच्या इतिहासात या एका वाक्याचे मोल मोठे आहे. मागे बसणारा माणूस पुढच्याचे हात, पाय आणि आवाज रोज पाहत असे. हत्तीच्या कानामागे पायाचा अंगठा किती दाबला असता तो वळतो, अंकुश केव्हा उगारावा आणि केव्हा केवळ दाखवावा, हे त्याला पाठीवरच शिकावयास मिळे. अबुल फज्लच्या दृष्टीने तो पगाराचा तपशील होता. प्रत्यक्षात ती उमेदवारीची पद्धत होती, असे म्हणावे लागते.

हत्ती काय काय शिकतो याचीही नोंद तेथे आहे. तो संगीताच्या तालावर अंग हलवितो, बाण सोडतो, बंदूक उडवितो, खाली पडलेली वस्तू उचलून माहुताच्या हाती देतो. याखेरीज आणखी एक गमतीची हकीकत आहे. हत्तीला कधीकधी गवतात गुंडाळून धान्य दिले जाई. ते तो तोंडात एका बाजूला लपवून ठेवी आणि एकांत मिळताच माहुताला परत देई. बादशाही खाण्यातून होणारी ही गळती अबुल फज्लला ठाऊक होती आणि तरीही त्याने ती हत्तीच्या बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून नोंदविली. पीलखान्यात दंडाचे नियम कडक होते. त्या नियमांच्या पोटात माहूत आणि हत्ती यांनी मिळून काय शिकून घेतले होते, याचे हे दुर्मीळ दर्शन आहे.

खेदा आणि 'पिढीजात' हा शब्द

इंग्रजी अमदानीत जॉर्ज सँडरसन याने १८७४ मध्ये म्हैसूर संस्थानात खेदा यशस्वी केला आणि १८७८ मध्ये आपल्या अनुभवांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खेद्यात कळप हाकत आणून कुंपणात कोंडला जाई. त्यानंतरचे खरे काम कुमकी हत्तींचे असे. शिकलेल्या हत्तिणी रानटी हत्तीला दोन्ही बाजूंनी दाबून धरीत आणि त्या आडोशाने माणसे खाली उतरून त्याच्या मागील पायांना दोर बांधीत. पुढे त्याला चालविणे, पाण्यावर नेणे, गर्दीची सवय लावणे हेही याच हत्तींच्या मदतीने होई. सँडरसनने हे सर्व डोळ्यांनी पाहिले होते. तथापि हत्तीची बुद्धी सामान्य प्रतीची असून त्याचा खरा गुण आज्ञाधारकपणा हा आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. हत्तीविषयीच्या भाबड्या गोष्टींना त्याने दिलेले उत्तर म्हणून हे मत योग्य मानता येईल. परंतु रानटी हत्तीला शिकविणाऱ्या हत्तिणीचे कौशल्य 'आज्ञा' या शब्दात पूर्णपणे मावत नाही.

माहुताच्या बाबतीतही असेच घडले. त्याचे कौशल्य 'पिढीजात' या एका शब्दात गुंडाळले गेले. किपलिंगच्या १८९४ मधील 'जंगल बुक'मधला लहानगा तूमाई हा माहुतांच्या घराण्यातील चौथ्या पिढीचा मुलगा आहे. कथेला ते शोभून दिसते. इतिहासाला मात्र हा शब्द अडचणीचा ठरतो. विद्या रक्तातून येते असे एकदा ठरले, की ती शिकण्यासाठी मुलाने घालविलेली वर्षे, चारा तोडणे, हत्तीला घासूनपुसून आंघोळ घालणे, लाथ चुकविणे, रात्री साखळीचा आवाज ऐकून उठणे, हे सारे श्रम हिशेबातून गळतात. बापाकडून मिळणे आणि जन्मतः मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आसाममधील गौरीपूरच्या पार्वती बरुआ यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे ठरते. त्या जमीनदार घराण्यातील असून माहुताच्या जातीतील नव्हेत. वडील प्रकृतीशचंद्र बरुआ यांच्याबरोबर हत्ती पकडण्याच्या तळांवर राहून त्या शिकल्या आणि वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी पहिला हत्ती पकडला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. शिक्षणाला वावच नसता तर हे संभवले नसते. आसामात नव्या हत्तीला वठणीवर आणताना गाणी म्हणण्याची रीत आहे. एरियननेही पकडलेल्या हत्तींभोवती झांजा-ढोल वाजवून गाणाऱ्या भारतीयांचे वर्णन केले आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही रीत कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आधाराने टिकलेली दिसत नाही.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. उपासमार, दोराचे काच आणि मार यांचा वापर त्यात सर्रास होता. उपाशी ठेवून नरम करण्याची पद्धत एरियननेही नोंदविली आहे.

कळप ही पाठशाळा

हत्ती आपल्या वडीलधाऱ्यांकडून किती शिकतो, याचा पुरावा विसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून पुढे आला. आफ्रिकी आणि आशियाई हत्ती या भिन्न जाती असल्या तरी कळपाची रचना बरीच सारखी आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी मोठे हत्ती मारले गेले आणि अनाथ झालेली पिल्ले पिलानेसबर्ग येथे नेऊन सोडण्यात आली. तेथे ती मोठ्या नरांवाचून वाढली. १९९२ ते १९९७ या काळात त्यांतील तरुण नरांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे ठार केले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडल्यावर तरुणांच्या मस्तीचा काळ घटला आणि गेंड्यांची हत्या थांबली. हे संशोधन २००० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. टांझानियातील तारांगिरे येथे १९९३ च्या दुष्काळात नऊ महिन्यांत ८१ पैकी १६ पिल्ले दगावली. जे गट उद्यानाबाहेर पडले, त्यांची हानी कमी झाली. त्यांतील वयस्क हत्तिणींना जुन्या दुष्काळाचा अनुभव असावा, असे अभ्यासकांनी सुचविले आहे.

या पार्श्वभूमीवर कौटिल्याचा पिल्लू न पकडण्याचा नियम पुन्हा वाचण्यासारखा आहे. खेद्यात लहान-मोठे सारेच कोंडले जात. आसामातील मेळा शिकार पद्धतीत तर फास टाकून मुख्यतः तरुण हत्तीच पकडले जात, कारण ते लवकर शिकतात. माणसाच्या शाळेला जे सोयीचे, ते कळपाच्या शाळेला घातक होते.

परंपरेचा खंड

म्हैसूरकडील काकनकोटे येथील शेवटचा खेदा १९७१ मध्ये झाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७७ मध्ये हत्तीचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. ही घटना स्वागतार्हच होती. परंतु नवे हत्ती येणे थांबले, तसे नवे शिकाऊ माहूतही कमी झाले.

महाराष्ट्रापुरते पाहता, गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्तीतळ आहे. तेथील हत्ती लाकूड ओढण्याच्या कामासाठी ठेवलेले होते. सिंधुदुर्गात २००२ मध्ये कर्नाटकातून रानटी हत्ती उतरले आणि नारळी-पोफळीच्या बागा व भातशेतीचे नुकसान होऊ लागले. अपरान्तात हत्ती असल्याची नोंद कौटिल्याने केली होती, पण त्यांच्याशी वागण्याची विद्या मधल्या काळात तेथील गावांतून नाहीशी झाली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यातील हत्ती पकडण्याचे ठरले. त्या वेळी 'हस्त्यायुर्वेद' छापून १२१ वर्षे झाली होती आणि कंगल्यांची आवृत्ती पूर्ण होऊन ५०. रानटी हत्तीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे कुमकी हत्ती आणि त्यांचे माहूत मात्र कर्नाटकातून आणावे लागले.