एडिटर निवडताना

लिनक्सकडे नव्याने वळलेल्या माणसापुढे पहिला पेच उभा राहतो तो एडिटरच्या निवडीचा. जाणकारांना विचारावे तर एक ‘व्हीआय’ सुचवतो, दुसरा ‘ईमॅक्स’. व्हीआय उघडून अक्षरे दाबावीत तर ती उमटतच नाहीत. नवखा स्वतःलाच दोष देतो. साहित्यकृती वाचताना आपण तिचा काळ विचारात घेतो. तसा तो इथेही घ्यायला हवा.

१९६९ च्या सुमारास केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला. तेव्हा पडद्याऐवजी कागदावर छापणारे टेलिटाइप असत. साहजिकच ईडी मितभाषी निघाला. चूक झाली की तो केवळ एक प्रश्नचिन्ह छापी. त्याच परंपरेत १९७६ मध्ये बर्कलीचे विद्यार्थी बिल जॉय यांनी व्हीआयची घडण सुरू केली. घरून ते ३०० बॉडच्या मोडेमवर काम करीत. म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. अशा संथ वाटेवर एकेका अक्षरात आज्ञा सामावणे सोयीचे होते. त्यामुळे आज्ञेची अवस्था वेगळी आणि लेखनाची वेगळी. कर्सर एच, जे, के, एल या कळांनी हलतो, कारण जॉय यांच्या टर्मिनलवर बाण त्याच कळांवर होते.

एमआयटीच्या प्रयोगशाळेतला ईमॅक्सही १९७६ चाच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये त्याचा ग्नू अवतार प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याने साधन स्वतः घडवावे, हा त्याचा बाणा. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हीआयचा वारस ‘व्हिम’ प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो सांभाळला. उघडताच युगांडातील गरीब मुलांना मदतीचे आवाहन करणारा हा एडिटर विरळाच. १९९९ मध्ये आलेला ‘नॅनो’ मात्र आपल्या मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशीच लिहून ठेवतो.

मराठी लिहिणाऱ्याला हा इतिहास अधिक जाणवतो. कळफलक देवनागरीवर असताना व्हीआयच्या आज्ञा चालत नाहीत, कारण त्या रोमन अक्षरांच्या आहेत. वाक्यागणिक लिपी बदलावी लागते. व्हिममध्ये कळफलकाची वेगळी योजना करून यातून वाट काढता येते. पण तिथवर पोहोचायला धीर हवा.

म्हणून नवख्याने नॅनोपासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. व्हीआयमधून बाहेर पडण्यापुरत्या आज्ञा मात्र शिकाव्यात. परक्या यंत्रावर बहुधा तोच भेटतो. पुढे ज्याला जी परंपरा रुचेल, ती त्याने जाणून स्वीकारावी.