तळटीप : लंडी खाना

१२. लंडी खाना : खैबर खिंडीतले, अफगाण सरहद्दीलगतचे रेल्वे स्थानक; १९३२ साली बंद. भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले व ते पकडले गेले. ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडून ते सहकैदी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह निसटले, पेशावरमार्गे लंडी कोतलला पोचले. तिथे त्यांनी लंडी खाना स्थानकाची वाट विचारली. नकाशात ते अजून होते, पण ४० वर्षे तिकडे गाडी गेली नव्हती. असे स्थानिक माणूस कशाला विचारेल? संशय आला, तिघे पकडले गेले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते मायदेशी परतले.