छाप

इन्स्टाग्रामवर फॉलोअर कसे वाढवायचे, हे शिकवणारे व्हिडिओ साधारण एकच गोष्ट सांगतात. विषय एकच धरा, रंग तेच ठेवा, प्रोफाइल फोटो सारखा बदलू नका. नाव वाचायच्या आधी लोकांनी तुम्हाला ओळखलं पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्यांना हे पाठ होतं, आणि त्यांचं गिऱ्हाईक आपल्या बडनेऱ्याच्या आसपासही होतं.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. कापसाची मोठी बाजारपेठ असलेली अमरावती मुख्य लाइनपासून बाजूला होती, म्हणून बडनेऱ्याहून फाटा निघाला. बडनेरा जंक्शन झालं ते असं. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून गेल्या, त्याच रुळांवरून विलायती कापडाचे तागे आले.

ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं. लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, एखादा राजा. बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं. त्यात स्वस्त कापडाला खळ आणि चिनी माती भरून जाड करायची चाल होती, म्हणजे हात लावूनही खरं-खोटं कळायचं नाही. मग भरवसा ठेवायचा कशावर? चित्रावर. मागच्या वेळचा हत्ती टिकला, तर याही वेळी हत्तीच. आपल्या भाषेतला ‘छाप’ हा शब्द अशाच खुणांसाठी वापरतात: घोडा छाप, वाघ छाप. व्यापारी या चित्रांना इतके जपत की 1875 च्या ब्रिटिश ट्रेडमार्क कायद्यानंतर सुती मालाच्या खुणांसाठी मँचेस्टरला वेगळी व्यवस्था करावी लागली. कापड फाटून जायचं, चित्र मात्र घरच्या भिंतीवर राहायचं. पुढे स्वदेशीचं वारं आलं, तेव्हा देशी गिरण्यांनीही हीच युक्ती उचलली; फक्त चित्रं आपली लावली.

म्हणजे इथे चित्र फुकट होतं, पैसा कापडात होता. राजा रविवर्म्याने उलटं करून पाहिलं. 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि चित्रच विकायला ठेवलं. पुण्याच्या चित्रशाळेची चित्रं आधीपासून बाजारात होतीच, पण रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीने घरोघरी जी जागा मिळवली ती कुणालाच जमली नाही. आजच्या भाषेत रीच अफाट, कमाई मात्र नाही. प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज वाढलं, आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रांच्या नकला तर निघतच होत्या. साबणाच्या आणि बाळांच्या खाद्याच्या कंपन्यांनी तीच देवादिकांची चित्रं कॅलेंडरवर घेतली. चित्र पुन्हा मालाला चिकटलं.

मला वाटतं, फॉलोअर मोजताना आपण नेमका हा हिशेब विसरतो. हत्ती छापवाल्या व्यापाऱ्याला आपलं गिऱ्हाईक पुन्हा गाठायला कुणाची परवानगी लागत नव्हती. चित्र गिऱ्हाइकाच्या भिंतीवर होतं. आपली भिंत कंपनीची. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने पोस्टी वेळेच्या क्रमाने दाखवणं बंद केलं. फॉलोअर तेवढेच राहिले, पण त्यातल्या कुणाला काय दिसेल हे यंत्र ठरवू लागलं. मी कोड लिहूनच पोट भरतो. हा क्रम बदलणं आमच्यासाठी किती किरकोळ काम असतं, हे ठाऊक आहे. समोर वर्षभर राबून दहा हजार लोक जमवलेली एखादी साडीवाली असते, ती कोडमध्ये कुठेच दिसत नाही.

1972 मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. आज संग्राहकांकडे जी चित्रं सापडतात, त्यातली पुष्कळशी लोकांनी घेऊन देवघरात लावलेली आहेत.