गाठ, बटण, हुक

इसवी सनाचं दुसरं शतक, सातवाहनांचा काळ. बोरिवलीच्या जंगलात छिन्नीचे घाव घुमतायत. कान्हेरीच्या चैत्याच्या पायऱ्या चढून तुम्ही वर येता, तर दर्शनी भिंतीवर दगडातली जोडपी उभी. स्त्रियांच्या कमरेला पातळ वस्त्र, त्यावर जाडजूड मेखला, पायांत भरघोस तोडे आणि छाती उघडी. घडवणारे कारागीर, ये-जा करणारे भिक्षू, दान देणारे व्यापारी, कुणाचीच मान अवघडून वळत नाही.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला निघालीय आणि ती बघायला तुम्ही मुलुंडच्या बांधावर उभ्या आहात. अंगावर नऊवारी लुगडं आणि खणाची चोळी. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून तुकडे जोडून बेतलेली. पुढची दोन टोकं छातीखाली करकचून बांधलेली. वाका, पाटी उचला, चोळी जागची हलत नाही. बाळ रडलं की गाठ सोडायची, पाजायचं, पुन्हा बांधायची. बाळंतपणात अंग भरलं, दुष्काळात वाळलं, तरी गाठ आपली जागा शोधते. कासोटा खोचलेला असल्यामुळे परकराची गरज नाही. पुढे ब्रेसियर जे काम करणार, ते चोळी इथे उघडपणे, चारचौघांत करतेय.

अकराच वर्षांनी, १८६४ मध्ये, नवऱ्याच्या नोकरीमुळे ज्ञानदानंदिनी देवी टागोर मुंबईत येतात. पारशी बायकांची साडी नेसायची तऱ्हा त्या उचलतात आणि पोलकं, परकर यांसह बंगालला नेतात. आतल्या कपड्यांवर बाहेरचा कपडा, ही रीत आता पसरणार.

१९५०. घाटकोपरची चाळ. आता तुम्ही पाचवारीत आहात. परकराची नाडी इतकी आवळलीय की रात्री कमरेवर लाल वळ उठतो. झंपर पुढून हुकांचा आणि त्याच्या आत पांढऱ्या सुती कापडाची बॉडी. तिकडे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकबने दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून केलेल्या ब्रेसियरचं पेटंट १९१४ मध्येच घेतलंय. आधार आत गेला, आणि त्याच्यामागोमाग लाजही.

दुकानात गिऱ्हाइकं कमी होईपर्यंत तुम्ही चादरी चाळत थांबता. मग हळूच, "शेठ, बॉडी दाखवता?" शेठ नजर न उचलता विचारतात, "बेन, चौतीस?" तुम्ही मान हलवता. तो तुमचा नंबर आहे की नाही, तुम्हालाही ठाऊक नसतं. पुडकं वर्तमानपत्रात बांधून हातात येतं. धुतल्यावर बॉडी गॅलरीतल्या दोरीवर पंचाखाली वाळते. खरं तर वाळतच नाही. श्रावणात दमट अंगात चढते आणि काखेत खाज सुटते.

१९९५. अंधेरी स्टेशन, सकाळची गर्दी. अंगात पंजाबी ड्रेस. १९५८ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत जन्मलेला लायक्रा आता तुमच्या पाठीवर ताणला जातोय. ब्रेसियर बनवणाऱ्या कंपन्यांची खोकी दुकानांत मांडलेली. लेडीज डब्यात मागची अनोळखी बाई तुमच्या गळ्यातून दोन बोटं घालून काहीतरी आत सारते. "पट्टी दिसत होती गं." तुम्ही चक्क तिचे आभार मानता.

२०१३. दुकानांबाहेरच्या पुतळ्यांना अंतर्वस्त्रं घातल्याने बायकांवरच्या अत्याचारांना खतपाणी मिळतं, असं म्हणत घाटकोपरच्या नगरसेविका रितू तावडे बंदीची मागणी करतात. महापालिका ठराव मंजूर करते. ज्या उपनगराने चैत्याच्या दारात उघड्या छातीची दगडी बाई सोसली, त्याला प्लॅस्टिकची बाई सोसवेना. आणि त्या पुतळ्याखाली उभी राहून आपला नंबर मोठ्याने सांगणारी बाई तेव्हाही विरळाच.

आज. बोरिवली स्टेशनबाहेर तेच कपडे फुटपाथवर ढिगाने, आणि पलीकडच्या दुकानात काउंटरला मुलगी. चोळीची गाठ अंगाला विचारून बसत होती. नंबर मात्र तोंडाने सांगावा लागतो, आणि त्यासाठी आधी मोजावा लागतो. मुलगी टेप काढते. छातीखालचा घेर म्हणजे आकडा; तो आणि छातीचा भरला घेर यांतला फरक म्हणजे अक्षर, साधारण इंचाला एक. ही अक्षरं १९३० च्या दशकात अमेरिकेत रुळली.

"काकू, आत्तापर्यंत कुठला घालत होता?"

"चौतीस बी."

"घेर सैल होतो तुम्हाला. बत्तीस सी लागेल. घालून बघा."

तुम्ही बघता. हात वर करता, वाकता, मोठा श्वास घेता. खांद्यावरची पट्टी खाली येत नाही.

"दोन दे. आणि माझ्या सुनेचंही माप घ्यायचंय, तिला रविवारी घेऊन येते."