भोंग्याआधीची झोप

‘रात्री फोन दूर ठेवा, सात-आठ तास झोपा, दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेल.’ हा सल्ला हल्ली प्रत्येक कार्यालयात ऐकायला मिळतो. झोपेची वेळ झोपणाऱ्याच्या हाती असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मुंबईच्या कामगारांच्या बाबतीत ते फार काळ खरे नव्हते. आजचा धागा त्या झोपेचा.

गिरगावातील फणसवाडीपासून परळ जेमतेम सहा किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन वस्त्यांची सकाळ मात्र अगदी वेगळी होती. फणसवाडीतल्या चाळीतला कारकून जेवून दहाच्या सुमारास फोर्टातल्या कचेरीत पोहोचत असे. परळ-लालबागचा गिरणी कामगार तोवर चार तास साच्यावर उभा असे.

सुरुवातीच्या गिरण्यांचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस लांबे, हिवाळ्यात आखडे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा झाली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेतन वेळेवर, अपघातग्रस्ताला भरपाई आणि कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, अशा त्यातल्या मागण्या होत्या. ‘सूर्यास्त’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. रात्र मागण्याची गरज त्या अर्जाला भासलेली नाही. ती आपलीच आहे, असे सर्वांनी धरून चालले होते.

रविवार मिळायला आणखी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्यापूर्वी सुट्टीच्या दिवशीही यंत्रे पुसायला बोलावत. म्हणजे आठवड्याची थकबाकी झोपून भरून काढण्याचा दिवसही अर्धाच हाती येई. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि त्यांना रात्रीच्या कामातून वगळले. प्रौढ पुरुषाच्या तासांबद्दल कायदा गप्प राहिला.

मग रात्र गेली. १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांत विजेचे दिवे लागले. कापडाला मागणी चांगली होती, आणि सूर्यास्त हे आता यंत्र थांबवण्याचे कारण उरले नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. गणित करून पाहा. पहाटे पाच ते रात्री आठ काम केले, तर उरतात नऊ तास. त्यात गिरणीपर्यंतची पायपीट, आंघोळीचे पाणी, जेवण आणि बाजारहाट. भोंग्याच्या आधी उठायचे असल्याने झोपेला पाच-सहा तास मिळाले तरी नशीब. स्त्रीला त्याहूनही कमी, कारण नळावरची रांग आणि चूल तिच्याच वाट्याला. त्याच वर्षी कामगारांनी या वाढीव तासांविरुद्ध संप केले. मुंबईतील झोपेचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्याने १९०५ पासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

लगेच दुसरा धक्का बसला तो घड्याळाचा. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. मुंबईत जानेवारीच्या आरंभी सूर्य जुन्या घड्याळानुसार साडेसहाच्या सुमारास उगवतो. नव्या घड्याळाच्या सहाला कामावर हजर व्हायचे, तर जुन्या घड्याळात तेव्हा ५ वाजून २१ मिनिटेच झालेली असत. कागदावर एकही मिनिट वाढले नव्हते, पण पहाटेची ३९ मिनिटे गेली होती. ५ जानेवारीला जेकब ससून गिरणीच्या हजारो कामगारांनी या बदलाचा निषेध केला. घड्याळाचा हा वाद पुढे शहरभर चालला आणि त्याला राजकीय रंगही चढला. महानगरपालिकेने १९५० पर्यंत मुंबई टाइम सोडला नाही. फणसवाडीतल्या कारकुनालाही या दोन घड्याळांचा घोळ निस्तरावा लागे. जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ छापलेले दिसते, ते याच घोळामुळे. (घरी जुनी पत्रिका असेल तर जरूर पाहा.)

आता कामाच्या दर्जाबद्दल. १९०७–०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे मालकांकडून एक तक्रार वारंवार आली: कामगार साचा सोडून आवारात रेंगाळतात, विडी ओढतात, लवंडतात. तिच्याच आधारे दुसरा युक्तिवादही होई, की तास लांब दिसले तरी माणूस सगळा वेळ राबत नाही, मग मर्यादा कशाला? हा आळस नव्हता, रात्री न मिळालेली झोप दिवसा तुकड्यातुकड्यांनी वसूल केली जात होती, असे मला वाटते. आयोगाच्या बहुमताने प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको, असे मत दिले, डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न, १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस.

तास कमी झाले म्हणून झोप आपोआप वाढली नाही, कारण झोपायला जागा लागते. बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांसाठी गावकीच्या खोल्या होत्या. तिथे प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि अंग टाकण्यापुरती जमीन. पाळ्या सुरू झाल्यावर हीच जमीन दोघा-तिघांना पुरू लागली: दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा तिथेच आडवा होई. अर्थात त्याने झोपायचे ते भर दिवसा, पत्र्याखालच्या उकाड्यात, जिन्यावरच्या आणि रस्त्यावरच्या गलक्यात.

शरीराच्या घड्याळात बिघाड करणारे रातपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ आहे, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केले. तोवर मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या आणि लोअर परळात त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती चढत होत्या. त्यांतल्या काही मजल्यांवरचे दिवे पहाटेपर्यंत जळतात, कारण तिथले काम परदेशातल्या ग्राहकाच्या घड्याळावर चालते.