मातीत राहिलेला हिशेब



प्राचीन संस्कृती म्हटली की इजिप्तचे पिरॅमिड व मोहेंजोदडोचे रस्ते आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव येथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांचे एक गाव नांदत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत ढवळीकर, सांकलिया व झेड. डी. अन्सारी या तिघा विद्वानांनी सिद्ध केला.

त्या गावात काय सापडले? शंभराहून अधिक घरे. त्यांत एक पाच खोल्यांचे, लगतच धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे असावे. कुंभार, सोनार आदी कारागिरांची घरे मात्र गावाच्या कडेला. म्हणजे लहानथोर हा भेद तेव्हाही होताच. पण त्याच गावाने नदीचे पाणी वळविण्यासाठी पाट खोदला व बांध घातला. असे काम एका घराच्याने होत नाही; त्याला सारा गाव लागतो. लहान मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. त्या आईची माया समजायला पुस्तक लागत नाही.

पुढे, इ. स. पूर्व १००० च्या सुमारास, पाऊसमान घटले असे संशोधक मानतात. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, गुरे व शिकार यांवर भिस्त वाढली. तरीही लोक सुमारे तीनशे वर्षे तेथेच टिकून राहिले. जतकरांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला आहे.

इनामगावच्या लोकांजवळ लिपी नव्हती. त्याहून आधीच्या सुमेरमध्ये धान्याचे हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहिले जात. म्हणून तेथील व्यवहार आपण वाचू शकतो. इनामगावच्या एकाही माणसाचे नाव मात्र आपणास ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्हांला लिहिता येते. आज घरी गेल्यावर दादी-नानीजवळ बसा. दुष्काळात चूल कशी पेटली, पाणी कोठून आणले, कोणी कोणाला धान्य दिले, हे विचारा आणि वहीत नावानिशी उतरवून ठेवा. इतिहासाचे पहिले पान तेच होय.